पंधरा हजारांतला एक

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे काही ठरावीक प्रश्न विचारतात. नायगारा पाहिलात का? न्यूयॉर्कच्या त्या उंच इमारतीवर चढलात का? मी २०२५ चा हिवाळा लेकीकडे काढून मिरजेला परतलो, तेव्हा या सगळ्यांना नकारार्थी मान हलवून म्हणालो, "मी चार वेळा कॉलेजातल्या मुलींचा बास्केटबॉल पाहिला." आमचे एक स्नेही काही क्षण माझ्याकडे नुसते बघत राहिले आणि मग अत्यंत सहानुभूतीने म्हणाले, "थंडी फार होती म्हणायची!"

थंडी होती हे खरे. पण कारण ते नव्हे. ते कारण सांगण्यासाठीच हा लेख.

लेक राहते आयोवा सिटीत. अमेरिकेच्या ऐन मध्यावर, मैलोगणती मक्याच्या शेतांच्या कुशीत वसलेले, मधून आयोवा नदी वाहणारे हे विद्यापीठाचे गाव. युनेस्कोने २००८ साली त्याला साहित्यनगरीचा मान दिला. १९६७ पासून जगभरचे लेखक तेथील लेखन-कार्यक्रमासाठी येऊन राहतात. आपले दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात तेथे होते. तेव्हा चार पुस्तकांच्या दुकानांत घुटमळावे, एखादा जिवंत साहित्यिक दुरून पाहावा, असा माझा माफक बेत होता. लेक म्हणाली, "बाबा, साहित्यिक घरात बसून लिहीत असतील. गाव कुठं असतं, ते मी तुम्हांला दाखवते."

आणि बर्फाने पांढऱ्याफेक झालेल्या एका दुपारी तिने मला कार्व्हर-हॉकाय अरीनात नेले. दारातच माझी शबनम झोळी अडली. आत न्यायची पिशवी आरपार दिसणारी हवी असा तेथे नियम आहे. झोळी गाडीत ठेवून आलो, दार ढकलले आणि थबकलोच. वाटले होते, आता पायऱ्या चढाव्या लागणार. पण ही इमारत टेकडीच्या पोटात खोदून बसवली आहे. माणूस वरच्या काठाशी आत शिरतो आणि मैदान दिसते खाली, तळाशी. आपल्याकडची एखादी बारवच म्हणा ना! चारी बाजूंनी पायऱ्याच पायऱ्या आणि तळाला पाण्याऐवजी चकाकणारी लाकडी भुई. फरक एवढाच, की या बारवेच्या पायऱ्यांवर जवळजवळ पंधरा हजार माणसे बसली होती. बहुतेकांच्या अंगावर काळे-पिवळे कपडे. आजोबा होते, तान्ह्या पोराला कडेवर घेतलेल्या आया होत्या, मक्याच्या शेतावरून थेट आल्यासारखे दिसणारे दणकट बाप्ये होते. मी लेकीला विचारले, "आज काही विशेष आहे का?"

"काही नाही. रोजचीच मॅच आहे."

माझ्या शेजारच्या खुर्चीवर सत्तरी ओलांडलेली एक बाई होती. पिवळा स्वेटर, मांडीवर पॉपकॉर्नचा डबा आणि चष्म्याआड अशी काही नजर, की खाली तळाशी कोणा मुलीने पाऊल चुकीचे टाकले तर हिला आधी कळावे. मी नवखा आहे हे तिने बसल्या बसल्या ओळखले आणि माझी शिकवणी सुरू केली. एका बाजूला पाच जणी. दहा-दहा मिनिटांचे चार डाव. टोपली पुरुषांच्या खेळातली असते तितक्याच उंचीवर, दहा फुटांवर. चेंडू मात्र थोडा लहान. कमानीच्या रेघेबाहेरून टाकलेला चेंडू आत गेला तर तीन गुण, आतून दोन. हाती चेंडू आला की तीस सेकंदांत टोपलीवर फेकलाच पाहिजे.

नियम कळले तरी शिष्टाचार कळायला वेळ लागतो. पहिल्याच डावात आमच्या मुलीला मोकळा फेक मिळाला. मी उत्साहाने उभा राहून ओरडलो. पाहतो तो पंधरा हजार माणसे चिडीचूप, आणि त्या शांततेत माझा एकट्याचा मिरजेचा आवाज! लेकीने कोटाची बाही ओढून मला खाली बसवले. आपली मुलगी फेकत असताना श्वाससुद्धा हळू घ्यायचा, आणि पाहुण्यांची मुलगी फेकत असताना छप्पर उडवायचे, अशी तेथली रीत. पुढच्या वेळी पाहुण्यांची पाळी आली तेव्हा मी मागची कसर भरून काढली. बाई प्रसन्न झाल्या आणि पॉपकॉर्नचा डबा त्यांनी माझ्यापुढे केला.

मध्यंतरात मी विचारले, "तुम्ही कधीपासून येता?"

"मी येते नाही, मी खेळायचे," बाई म्हणाल्या. "सहाजणींचा खेळ. मी गार्ड होते. शाळेत चार वर्षे खेळले आणि एकदासुद्धा टोपलीवर चेंडू टाकला नाही."

मला वाटले, म्हातारी विनोद करते आहे. पण ते अक्षरशः खरे होते. आयोवातल्या शाळांत मुलींचा एक निराळाच बास्केटबॉल होता. बाजूला सहा जणी. तिघी अर्ध्या मैदानात चढाई करणार, तिघी उरलेल्या अर्ध्यात बचाव करणार, आणि मधली रेघ कोणी ओलांडायची नाही. चेंडू दोनदाच आपटायचा, की पुढे द्यायचा. त्यामुळे बचाववालीच्या जन्मात टोपली करण्याचा योगच नाही. मुलींना पुरे मैदान धावणे झेपायचे नाही, या जुन्या समजुतीतून आलेला हा प्रकार. पण गंमत पाहा, त्याच बंदिस्त खेळावर खेड्यांनी जीव ओवाळून टाकला. १९२० साली मुलींची पहिली राज्यस्पर्धा झाली. १९२५ साली राज्याच्या क्रीडासंस्थेने मुलींच्या स्पर्धांवरून हात झटकले, तेव्हा लहान गावांतल्या शाळांच्या मुख्यांनी वेगळे होऊन मुलींसाठी स्वतःची संघटना काढली. मोठ्या शहरांतल्या शाळा कितीतरी वर्षे या खेळाकडे फिरकल्या नाहीत. खेड्यात मात्र पोरी शेतावर राबतच होत्या. त्या चेंडूमागे धावल्या तर आभाळ कोसळेल असे तेथे कोणाला वाटले नाही.

"अडुसष्टची फायनल मी पाहिली," बाई म्हणाल्या. "आमच्या गावाहून बस काढली होती."

त्या फायनलची कथा आयोवात अजून सांगतात. १९६८, डे मॉइन शहरातले व्हेटरन्स सभागृह. एका बाजूला डेनिस लाँग, दुसऱ्या बाजूला जिनेट ओल्सन. सामना बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला आणि लाँगचा संघ ११३-१०७ असा जिंकला. जिंकणाऱ्या लाँगचे गुण ६४. हरणाऱ्या ओल्सनचे ७६! पुढल्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या पुरुषांच्या धंदेवाईक संघाने लाँगचे नाव आपल्या निवडीत पुकारले. वरिष्ठांनी ते रद्द केले, पण बोभाटा व्हायचा तो झालाच. हा सहाजणींचा खेळ आयोवात १९९३ पर्यंत चालला. आता आयोवा विद्यापीठाच्या मुलींना शिकवणारी जॅन जेन्सन हीदेखील शाळेत तोच खेळ खेळलेली.

घरी आल्यावर मी लेकीच्या पुस्तकांतून थोडा इतिहास चाळला. जेम्स नाइस्मिथ या मास्तरांनी १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथे पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ शोधला. पुढच्याच वर्षी जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या बाईंनी तो मुलींना शिकवला. १८९३ च्या मार्चमध्ये पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला, आणि पुरुषांना आत मज्जाव होता. १८९६ साली सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्ड आणि बर्कली या दोन विद्यापीठांच्या मुली भिडल्या. कॉलेजा-कॉलेजांतला मुलींचा हा पहिला सामना. स्टॅनफर्ड जिंकले, २-१ असे. तेथेही प्रेक्षक सगळ्या बायका. धावणारी मुलगी पुरुषांच्या दृष्टीस पडू नये अशी तेव्हाची रीत! वाचता वाचता मला हसू आले, आणि मग ते मावळले. कारण दुसऱ्या सामन्याच्या वेळी बाईंनी मला एक प्रश्न विचारला होता.

"तुमच्याकडे मुली खेळायच्या का?"

"हो तर! माझी धाकटी बहीण कॉलेजात खो-खो खेळायची. जिल्ह्यात नाव होतं तिचं."

"कशी खेळायची?"

मी तोंड उघडले आणि मिटले. मला ठाऊकच नव्हते. लोक म्हणत, ती धावायला उतरली की हाती लागत नाही. साखळी धरली की मासोळीसारखी निसटते. हे सगळे लोक म्हणत. मी एकदाही पाहिले नव्हते. अंतिम सामना घरापासून सायकलने दहा मिनिटांवरच्या मैदानावर होता. मला कोणी मज्जाव केला नव्हता, दारावर कोणी उभे नव्हते. आणि मी त्या दुपारी हॉटेलात रेडिओला कान लावून क्रिकेटची कॉमेंटरी ऐकत बसलो होतो! संध्याकाळी ती गुडघे खरचटून घरी आली, तेव्हा मी 'काय झालं?' एवढेसुद्धा विचारले नसावे. 'पोरींचा खेळ, त्यात काय बघायचं?' हे वाक्य मी उच्चारले होते की नाही, आठवत नाही. पण मनात ते होते.

"मी पाहिलं नाही," मी म्हणालो.

बाईंनी मान डोलावली. बोल लावला नाही. खाली बोट दाखवून एवढेच म्हणाल्या, "तिकडे बघा, आता चेंडू डावीकडून येईल." आणि आला.

त्यानंतर मी सामने निराळ्या नजरेने पाहू लागलो. अर्ध्याअधिक वेळा मी मैदान सोडून पायऱ्यांकडेच पाहत असे. या गर्दीलाही इतिहास आहे. शिक्षणसंस्थांत मुलींना डावलण्यास मनाई करणारा कायदा १९७२ साली झाला, पण कायद्याने माणसे पायऱ्यांवर येऊन बसत नाहीत. १९८५ च्या फेब्रुवारीत याच बारवेत ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याला २२,१५७ माणसे लोटली. बांधली होती साडेपंधरा हजारांसाठी! अग्निशमनवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग २०२० साली डे मॉइनकडची केटलिन क्लार्क येथे दाखल झाली आणि मैदानाच्या पार मधल्या चित्रावरून चेंडू फेकून टोपली करू लागली. २०२३ च्या ऑक्टोबरात शेजारच्या फुटबॉलच्या उघड्या मैदानावर एक सामना ठेवला, तर ५५,६४६ प्रेक्षक जमले. १५ फेब्रुवारी २०२४ या दिवशी विक्रमाला आठ गुण हवे होते. तिने ४९ केले. चार वर्षांत एकूण ३,९५१ गुण. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला आणि दोन्ही वेळा हरला. पण २०२४ चा तो मुलींचा अंतिम सामना दूरचित्रवाणीवर मुलांच्या अंतिम सामन्याहून अधिक अमेरिकनांनी पाहिला.

मी गेलो तेव्हा क्लार्क शिकून बाहेर पडली होती. नायिका गेली, आता नाटक कोण पाहणार, असे मला वाटले होते. पण पायऱ्या भरलेल्या. बावीस आकड्याचे तिचे सदरे घातलेल्या चिमुरड्या पोरी होत्या, आणि चिमुरडे पोरगेही होते. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा पाठीवर एका मुलीचे नाव मिरवीत बापाचा हात धरून पायऱ्या उतरत होता. त्यात काही विशेष आहे हे त्याच्या गावीही नव्हते. बाईंना मी विचारले, "क्लार्क गेली तरी तुम्ही येता?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी पंढरपुरात जाऊन वारकऱ्याला 'यंदाही आलात?' असे विचारले होते. "ती यायच्या आधी कोण येत होतं?" त्या म्हणाल्या.

प्रत्येक सामन्यात उत्तरार्धात केव्हातरी ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकसंख्या जाहीर होते आणि प्रेक्षक स्वतःसाठीच टाळ्या वाजवतात. पहिल्यांदा मला हा आत्मस्तुतीचा प्रकार वाटला. चौथ्या वेळी मीही वाजवल्या. त्या आकड्यात एक मी होतो.

परतल्यावर आठवड्याने बहिणीकडे गेलो. चहा झाला. आयोवाची सारी कथा सांगितली, बाईंचा प्रश्न सांगितला, आणि शेवटी अडखळत म्हणालो, "तुझी फायनल मी पाहायला यायला हवी होती."

ती हसली. "बरं झालं, आला नाहीस. हरलो होतो आम्ही." मग कपबशा उचलता उचलता, पाठमोरीच, म्हणाली, "मी मात्र साडेचार मिनिटं धावले होते, दादा. कुणीतरी घरचं दिसतं का म्हणून एकदा वळून बघितलं, नि तिथंच बाद झाले."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते.

तिची नात आता शाळेच्या संघात आहे. परवा तिचा सामना होता. मी आणि बहीण रिक्षा करून गेलो. मैदानाच्या कडेला सिमेंटच्या चार पायऱ्या, त्यांवर ऊन. पाठलाग सुरू झाला, तशी ही सत्तरीला टेकलेली बाई पदर खोचून उभी राहिली आणि "अगं खो दे, खो!" म्हणून अशी ओरडली, की पंचांनी वळून पाहिले. मीही ओरडलो. येथे केव्हा गप्प राहायचे याचा काही नियम नाही.

मध्यंतरात मी पायऱ्यांवर नजर फिरवून मोजदाद केली. प्रेक्षकसंख्या अकरा, आम्ही दोघे धरून.