आबूचा मुक्काम : तलावाकाठी की देलवाड्यात?

वहीपूजन आटोपले, पाडवा झाला, की लाभपंचमीला दुकान पुन्हा उघडेपर्यंतचे चार दिवस व्यापारी कुटुंबाला मोकळे मिळतात. सारे घर एकत्र बाहेर पडू शकेल असे दिवस वर्षात फार थोडे. मुलांना तलाव आणि डोंगर हवा असतो, वडीलधाऱ्यांना तीर्थदर्शन हवे असते. दोन्ही एकाच ठिकाणी लाभत असल्याने पुष्कळांची पावले आबूकडे वळतात. गाडीचे आरक्षण झाले, की प्रश्न उरतो तो मुक्कामाचा. तो बहुधा खोलीचे छायाचित्र आणि भाडे पाहून सोडवला जातो. आबूच्या बाबतीत तेवढे पुरत नाही.

अरवलीच्या रांगेत सुमारे 1,220 मीटर उंचीवर हे गाव वसले आहे. पायथ्याच्या आबू रोड स्थानकापासून साधारण 28 किलोमीटरचा घाट चढून तेथे पोहोचता येते. आज राजस्थानात असलेला हा भाग 1950 ते 1956 या काळात मुंबई राज्यात होता, हे अनेकांना ठाऊक नसते. गावाच्या मध्यभागी नक्की तलाव आहे. तलावाच्या नैऋत्येस सूर्यास्त पाहण्याची प्रसिद्ध जागा, तर उलट दिशेला सुमारे तीन किलोमीटरवर देलवाडा. त्याच रस्त्याने पुढे अचलगड आणि 1,722 मीटर उंचीचे गुरुशिखर लागते. मुक्कामाचा निर्णय घेण्यापूर्वी एवढा नकाशा ध्यानात असावा.

तलावाकाठचा मुक्काम प्रथमदर्शनी सर्वांना आवडतो. सकाळी काठाने फिरता येते, नावा समोरच असतात, बाजार हाकेच्या अंतरावर आणि 1948 मध्ये महात्माजींच्या अस्थी जेथे विसर्जित झाल्या तो गांधी घाटही जवळच. लहान मुलांना व सामानाला ओढून नेणाऱ्या बाबागाड्या ही तर आबूचीच खासियत. मात्र दिवाळीच्या आठवड्यात गुजरातमधून मोठी गर्दी लोटते, भाडी चढतात आणि काठावरचा गजबजाट रात्री उशिरापर्यंत शमत नाही. तलावाकडे खिडकी असलेल्या खोलीस अधिक दाम पडतो. पण दिवसभर बाहेर फिरणारे कुटुंब त्या खिडकीशी किती वेळ बसते, याचा विचार क्वचितच होतो.

दुसरा पर्याय जुन्या संस्थानिकांच्या वास्तूंचा. राजपुताना एजन्सीचा कारभार येथून चालत असल्याने अनेक राजघराण्यांनी आबूवर निवासस्थाने बांधली आणि त्यांतील काहींची पुढे हॉटेले झाली. प्रशस्त दालने, बाग व शांतता हे त्यांचे गुण. परंतु काही वास्तू उंचवट्यावर असल्याने चढ आणि पायऱ्या टळत नाहीत. शिवाय स्वयंपाकघर शुद्ध शाकाहारी आहे काय, कांदा-लसणाविना व कंदमुळाविना भोजन मिळेल काय, हे आगाऊ विचारूनच ठरवावे लागते.

तिसरा पर्याय देलवाड्यातील धर्मशाळेचा. खोली साधी असते, तलाव दिसत नाही, फिरण्यासाठी टॅक्सी करावी लागते. म्हणून तरुण मंडळी या पर्यायाला नाके मुरडतात. परंतु 1031 मध्ये विमलशहांनी उभारलेली विमलवसही आणि 1230 च्या सुमारास वस्तुपाल-तेजपाल या बंधूंनी बांधविलेली लूणवसही अगदी जवळ असतात. मंदिरांची सकाळ पूजेसाठी राखलेली असते. इतर प्रवाशांना दुपारी बारा ते सायंकाळी सहा या वेळेत प्रवेश मिळतो. तलावाकाठी उतरलेले कुटुंब सर्वांचे आवरून दुपारी देलवाड्यात येते आणि गर्दीतून पुढे सरकत छताकडे पाहते. तेथेच राहिलेला यात्रेकरू सकाळी पूजेची वस्त्रे नेसून पायी जातो. संगमरवरात कोरलेले तेच छत त्याला निवांतपणे पाहता येते.

खरी परीक्षा सायंकाळी होते. नोव्हेंबरच्या आरंभी आबूवर सूर्यास्त सहाच्या थोडा आधीच होतो. सूर्यास्त पाहण्यासाठी सर्व प्रवासी पाचपासून निघतात आणि चौविहार पाळणाऱ्या घरात नेमकी हीच भोजनाची वेळ. हॉटेलांची रात्रीच्या भोजनाची तयारी बहुधा त्यानंतर सुरू होते. परिणामी आजी सुक्या खाकऱ्यावर भागवतात, किंवा इतरांचा विरस नको म्हणून काही न बोलता उपाशी झोपतात. कुटुंबाच्या सहलीत सर्वांत कमी तक्रार करणाऱ्या व्यक्तीची सर्वांत अधिक गैरसोय व्हावी, ही गोष्ट कोणत्याही हिशेबात तोट्याचीच मानली पाहिजे.

म्हणून मुक्काम ठरवताना भाड्याच्या रकमेसमोर दिवसाचे वेळापत्रकही मांडावे. घरात चौविहार, उकाळलेले पाणी किंवा नित्यपूजेचा नियम असेल, गुडघेदुखी असेल, तर देलवाडा सोयीचे. भाड्यातील बचतीतून तलावापर्यंतच्या टॅक्सीचा खर्च सहज निघतो आणि अचलगड व गुरुशिखराचा रस्ताही तेथूनच पुढे जातो. केवळ तरुण जोडपी व मुले असतील, तर तलावाकाठ उचित. तीन पिढ्या एकत्र असतील, तर पहिल्या दोन रात्री देलवाड्यात व शेवटची तलावाकाठी अशी विभागणी करता येते. त्या शेवटच्या दिवशी पाच वाजता भोजन उरकून सर्वांनीच सूर्यास्ताला जावे. आजींनाही जाता येईल.

आरक्षणापूर्वी दूरध्वनीवर काही गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. सायंकाळचे भोजन किती वाजता वाढले जाते? वाहन दारापर्यंत येते काय? तळमजल्यावर खोली मिळेल काय? गरम पाणी पहाटे मिळते काय? हिवाळ्यात आबूचे तापमान शून्याच्या आसपास उतरू शकते, त्यामुळे शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. गावाच्या कडेचे दूरचे ठिकाण निवडणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की सभोवती अभयारण्य असून रात्री अस्वले वस्तीत उतरतात. अंधार पडल्यावर पायी परतण्याचा बेत आखू नये. उत्तरे समाधानकारक मिळाली, तर खोलीचे छायाचित्र साधे असले तरी बिघडत नाही.