आभाळातील रेघ

विमानांच्या मागे आभाळात उमटणाऱ्या पांढऱ्या रेघांची छायाचित्रे घेण्याचा नाद आम्हांस उतारवयात जडला. पेडण्यातील आमच्या घरापुढे मळा असल्याने आभाळ मोकळे दिसते. पावसाळ्यात, गोकुळाष्टमीच्या सुमारास, तर आभाळच हाती लागत नाही. पण दिवाळी सरली की उन्हे कलता कलता एखादी रेघ हमखास सापडते.

ती रेघ म्हणजे धूर नव्हे, हे आम्हांसही उशिराच कळले. इंजिनातून निघालेली वाफ उणे 40 अंशांच्या आसपासच्या थंडीत गोठते व तिचे हिमकण होतात. आपल्या उष्ण मुलखावर तेवढी थंडी गाठावयास सुमारे 11 किलोमीटर वर जावे लागते. तेथील हवा कोरडी असली तर रेघ आखूड राहून लगेच विरते. दमट असली तर पिंजलेल्या कापसासारखी पसरत बराच वेळ टिकते. इंजिनालगत मात्र थोडी जागा कोरीच असते, कारण वाफेस गोठावयास क्षणभर लागतो. ती कोरी जागा चित्रात पकडणे ही आमची हौस.

डिचोली तालुक्यातील नार्वे येथे, ज्याचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी 1668 मध्ये करविला त्या श्री सप्तकोटेश्वराच्या देवळापुढे, दीपस्तंभाच्या माथ्यावरून गेलेली एक रेघ आम्हांस लाभली. शेजारी उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ ते चित्र पाहून म्हणाले, "वात बरी लावलीत!" इतके कौतुक आम्हांस पुन्हा मिळाले नाही.

मोपाच्या सड्यावरून 5 जानेवारी 2023 पासून विमाने उडू लागली. पुढे आमचा धाकटा मुलगा तेथूनच आखातात नोकरीस निघाला. त्याच्या विमानाचे चित्र हवे, असा मातोश्रींचा हट्ट. त्या अंगणात खुर्चीवर बसल्या, आम्ही कॅमेरा सरसावला. माडांवरून विमान गर्जत चढले. चित्र स्वच्छ आले, पण मागे रेघ नाही.

"आमच्या भुरग्याची रेग खंय?" मातोश्रींनी विचारले.

खालची हवा उबदार असते, तेथे वाफ गोठत नाही, असे आम्ही सांगितले. ते त्यांच्या कानांवरून गेले. तासाभराने फार उंचावरून, कोणा परक्या देशाचे प्रवासी घेऊन जाणारे एक विमान पश्चिमेकडे गेले व मावळत्या उन्हात त्याची रेघ तांबूस झाली. मातोश्रींनी हात जोडले. एरवी चुकीस चूक म्हणणारे आम्ही, त्या वेळी गप्प राहिलो आणि कळ दाबली.

ते चित्र मुलास पाठवा, असे त्यांनी दुसऱ्या दिवशी बजावले. आम्ही पाठविले. त्याचे उत्तर आले: "बाबा, त्या वेळी आमचे विमान केव्हाच समुद्रापार गेले होते. पण आजीला सांगू नका."