गोंधळानंतरचा चहा

वाजवायला आलेल्या माणसाला वाजवणे संपले की लगेच जाऊ द्यायची पद्धत आमच्या घरांत नव्हती. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या पेठांमध्ये वाढलेल्या आम्हा सगळ्यांना, मग कुणी साखर पेठेतले असो, बाळीवेशीतले असो की गिरणीच्या चाळीतले, हे सारखेच आठवते. पहाटेचा वासुदेव असो, गोंधळी असोत की लग्नातले सनईवाले, आजी त्यांना बसवून घ्यायची, चहा टाकायची आणि विचारायला लागायची. तिकडं पाऊस कसा हाय? थोरलीचं जमलं का? म्हातारीचे डोळे दाखवले का? गाण्याबद्दल ती कधी अवाक्षर विचारत नसे. तरीही गाण्या-वाजवण्याबद्दल आम्हाला जे काही कळले ते या गप्पांतूनच. पोटापाण्याचे बोलताना या माणसांना वाद्याचे बोलल्यावाचून राहवतच नसे.

घरात लग्न झाले की गोंधळ ठरलेला. तुळजापूर इथून जेमतेम ४५ किलोमीटर. कोजागरीला रात्रभर सोलापुरातून माणसे तुळजापूरची वाट चालत असतात, त्यांत आमच्या आया, मावश्याही असत. गोंधळाच्या दिवशी संध्याकाळी पाच उसांचा मांडव उभा राहायचा, खाली चौक भरायचा, कलश मांडायचा, दिवटी पेटायची. नाईक पुढे, एक जण संबळावर, एक तुणतुण्यावर, मागे झीलकरी. आधी गावोगावच्या देवदेवतांना बोलावणे, मग आख्यान. पहाटे आरती व्हायची तोवर आम्ही पोरे सतरंजीवर एकमेकांच्या अंगावर झोपलेली असायचो. आमच्या वाट्याचा गोंधळ सकाळी सुरू व्हायचा, ओसरीवर.

तिथे संबळ सोडून ठेवलेला असे. एक भांडे लहान, एक मोठे. एक काठी सरळ, दुसरीचे टोक आकड्यासारखे वळलेले. त्या वळलेल्या टोकाने मोठ्या भांड्याचे कातडे घासले की घुमारा निघतो, हे संबळ वाजवणाऱ्या मामांनी आम्हाला हात धरून दाखवले. घरातल्या लहानथोरांसाठी ते गोंधळीमामाच होते. पावसाळ्यात कातडे सैल पडते, म्हणून त्यांच्या घरी चुलीजवळची जागा संबळाची होती. पोरांचे ओले कपडे दुसरीकडे वाळायचे. हे त्यांनी आजीला सांगितले ते बायकोच्या तक्रारीच्या ओघात.

गोंधळ्यांमध्ये कुणी कोणत्या घरी जायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. आमचे घर मामांकडे त्यांच्या आजोबांकडून आले होते. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा थोरल्याने जमीन मागितली आणि मामांनी घरे. “जमिनीला पाणी न्हाई आज्जी, घरात लग्नं तर हुतातच की,” असे त्यांचे म्हणणे. बहात्तरच्या दुष्काळात मात्र लग्नेही थांबली. मामा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. मनगट जड झाले, संबळाची जलद लय हातातून गेली. दुष्काळ संपल्यावरही किती तरी दिवस ते संथ वाजवत आणि लोकांना वाटे, मामांचे वय झाले. ही गोष्ट सांगताना त्यांनी मनगट पुढे करून दाखवले होते आणि आजीने उठून तेलाची वाटी आणली होती.

ऐंशीच्या सुमारास काकांनी टेपरेकॉर्डर घेतला आणि एका गोंधळाचे आख्यान टेप केले. तो कॅसेटचा जमाना होता. मंगळवेढ्याच्या मातीतले प्रल्हाद शिंदे पानपट्टीपासून रिक्षापर्यंत सगळीकडे वाजत होते. आम्हाला वाटले, स्वतःचा आवाज ऐकून मामा हरखून जातील. त्यांनी डोळे मिटून सगळे ऐकले आणि म्हणाले, “यंत्र गाणाऱ्याजवळ ठिवलंय. संबळ मागं राहिला. पुन्यांदा करू.” वाद्याला साथीचे समजायचे नाही, हे आम्ही तिथे शिकलो.

सनई सगळीकडे आहे, सुंदरी मात्र आमच्या गावची. लांबीला सनईपेक्षा कितीतरी लहान, आवाज चढा आणि धारदार. अक्कलकोटच्या राजदरबारात तिला हे नाव मिळाले असे सांगतात. सोलापूरच्या जाधव घराण्याने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. सिद्राम जाधवांमुळे लग्नमंडपातली सुंदरी मैफलीत जाऊन बसली. पुढे चिदानंद जाधव आणि भीमण्णा जाधव यांची नावे तिच्याबरोबर घेतली जाऊ लागली. आमच्या वडीलधाऱ्यांना याचा फार अभिमान. चादरीसाठी गावाचे नाव घेणाऱ्या पाहुण्याला ते हटकून सुंदरीचे सांगत.

आमच्या लग्नकार्यांत येणारे बहुतेक सनईवालेच असत, आणि त्यांच्यातला एक जण आम्हाला कोड्यात टाकायचा. मुख्य वाजवणारा राग आळवतोय, चौघडा वाजतोय, आणि हा शेजारी बसून एकच सूर धरून. गाल फुगलेले, श्वास नाकाने आत, गालातली हवा बाहेर, सूर तुटायचा नाही. वाटीतल्या पाण्यात नळी घालून बुडबुडे न थांबवता काढत राहायचे, असा रियाज त्याच्या बापाने करून घेतला होता. ते कळल्यावर आमच्या गल्लीत कित्येक दिवस पपईचे पोकळ देठ आणि पाण्याच्या वाट्या घेऊन पोरे बसलेली असत. आईने एकदा त्याला विचारले, “कंटाळा येत नाही का रे एकच वाजवून?” तो म्हणाला, “मी थांबलो तर मांडवाला कळत न्हाई बाई, पर वाजवणाराला पुढं जाताच येत न्हाई.” घरात एखादी बाई आजारी पडून सगळे अडले की आई हे वाक्य आठवून म्हणायची.

हलगीवाल्यांशी बोलणे व्हायचे ते अंगणात, पायरीच्या खाली. त्यांचे कप कोनाड्यात वेगळे ठेवलेले असत. या आठवणी गोड करून सांगायच्या तर हा कोनाडा वगळावा लागेल, आणि तो आम्हाला वगळायचा नाही. गावाची प्रत्येक मिरवणूक ज्यांच्या हाताने हलली त्यांना ओसरी मिळाली नाही. विस्तव पेटवून ते हलगी तापवायचे, बोटाने ठोकून आवाज चढला का पाहायचे. एका हातात आखूड जाड काठी, दुसऱ्यात लांब बारीक. आम्ही पोरे भोवती उकिडवी बसायचो. तेही बोलत, पण जपून. पुढे त्यांच्यातल्या अनेक घरांनी हलगी खाली ठेवली. पोरांनी शिकावे, गावकीचे ओझे उतरावे, यासाठी विचार करून घेतलेला तो निर्णय होता. कला बुडाली म्हणून हळहळण्याआधी आपण त्या निर्णयापुढे मान लववायला हवी. जे आज उभे राहून, ठरवून, मानाने हलगी वाजवतात त्यांची लय ऐकताना ही गोष्ट मनात असली पाहिजे.

हे अंतर जुनेच. अठराव्या शतकातला आमचाच राम जोशी शाहीर धोंडीच्या घरी जाऊन बसू लागला म्हणून त्याच्या भावाने त्याला घराबाहेर काढले असे सांगतात. ज्याला घर सोडावे लागले त्याच्या लावण्या मग सबंध महाराष्ट्राने गायल्या, १९४७ साली त्याच्यावर बोलपट आला.

बायकांना कुणी कलावंत म्हटलेच नाही. शाहीर अमर शेख बार्शीचे, जन्म १९१६. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा आवाज मैदाने भरून टाकी, पण त्यांच्या गाण्याचे पहिले विद्यापीठ म्हणजे आई मुनेरबी आणि तिच्या ओव्या. आमच्या आज्याही जात्यावर गायच्या. कवड्यांची माळ घातलेली, परडी घेऊन येणारी आराधीण मावशी आली की दोघी एकमेकींना ओव्या पुरवायच्या, पीठ दळून होईपर्यंत. त्यांचे काय बोलणे चाले हे आम्हाला ऐकू देत नसत. मधूनच एखादी डोळे पुसायची, एवढेच दिसे.

आता आमची मुले फोनवर चित्रण करतात. कौतुकाने करतात, मनापासून करतात. पण त्यांचे प्रश्न सगळे कलेचे असतात: ही परंपरा किती जुनी, हा ताल कोणता. आम्ही त्यांना सांगतो, आधी घरचे विचारा. बाळे गावच्या खंडोबाला चंपाषष्ठीच्या यात्रेत एका वाघ्याशी आमच्यातल्या एकाच्या मुलीने असेच बोलणे काढले. आधी मुलाबाळांचे, मग गुडघ्यांचे. मग तो आपणहून दिमडीवर आला. जुन्या दिमड्या घोरपडीच्या कातड्याच्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते कातडे गुन्ह्याचे झाले. त्याच्या आजोबांची दिमडी घरात गुंडाळून ठेवलेली, ती वाजवायची नाही आणि टाकायचीही नाही. आता वाजवतो ती बकरीच्या कातड्याची, तिचा आवाज वेगळा, म्हणून त्याला गाण्याची पट्टी खाली घ्यावी लागली. कायदा बरोबर आहे असेही तो म्हणाला. घोरपड दिसली की त्याला बरे वाटते. गाण्याची पट्टी का उतरली, हे ताल विचारून कधीच कळले नसते.

त्याच्याशी बोलताना मानधनाचा विषय निघाला. ज्येष्ठ कलावंतांना शासनाकडून महिन्याला ५,००० रुपये मिळतात, त्यासाठी वयाची पन्नाशी ओलांडलेली लागते आणि कलेत घालवलेल्या वर्षांचे पुरावे लागतात. कुणाच्या घरी गोंधळ घातला, कुणाकडे जागरण केले याच्या पावत्या कधी कुणी दिल्या होत्या? ज्यांच्या ओसऱ्यांवर या लोकांनी रात्री काढल्या त्या आपण, निदान एक सहीचे पत्र तरी द्यावे. आमच्यातल्या काहींनी तशी पत्रे दिली आहेत. लग्नातले जुने फोटो शोधले तर मांडवाच्या कडेला वाजवणारे उभे दिसतात. तेही जोडता येतात.

गोंधळीमामांचा मुलगा टॉवेलच्या कारखान्यात आहे. संबळ त्याने सोडलेला नाही, नातू मात्र हात लावत नाही आणि तो त्याच्यावर जबरदस्तीही करत नाही. परवा आमच्याकडे भाचीच्या लग्नाचा गोंधळ झाला. सकाळी चहा घेताना त्याने आपणच विषय काढला: कोणत्याही जातीचा, मुलगा असो की मुलगी, शिकायचे असेल तर पाठवून द्या, सुट्टीच्या दिवशी सकाळी मी घरीच असतो. भाचीच्या जावेच्या पोरीने लगेच पत्ता लिहून घेतला.