खोटं न बोलणारे कान

'स्पाइस अँड वुल्फ' ही २००८ सालची जपानी अ‍ॅनिमे मालिका मी होस्टेलवर पाहिली. त्यातली होलो गव्हाच्या पिकाची राखण करणारी लांडगा-देवता. रूप मुलीचं, पण डोक्यावर लांडग्याचे कान आणि मागे झुपकेदार शेपूट. जपानीत अशा पात्रांना 'केमोनोमिमी' म्हणतात, म्हणजे 'प्राण्याचे कान'. मित्र चिडवायचे, "त्या कानांत एवढं काय आहे?" तेव्हा उत्तर सुचायचं नाही.

होलो बोलण्यात वस्ताद. शतकानुशतकांचं एकटेपण ती थट्टेवारी नेते. पण कान पडतात, शेपूट हलते, आणि सोबतच्या लॉरेन्स या व्यापाऱ्याला काय ते कळतं. चारचौघांत ती कान टोपीखाली झाकते. त्याच्यासमोर ते उघडे असतात. मला आवडायचं ते हेच.

मागच्या वर्षी माझा प्रोजेक्ट गेला. चार महिने बेंचवर होतो. रोज रात्री बाबांना फोनवर सांगायचो, "मजेत." नंतर कळलं, त्याच काळात डॉक्टरांनी त्यांना बायपास सांगितली होती. तेही म्हणायचे, "मजेत."

आपले कान नुसते ऐकतात. तेव्हापासून बाबा "मजेत" म्हणाले, की मी लगेच फोन ठेवत नाही.