वाळूतली मेथी

समुद्रमेथी म्हणजे काय, हे मुंबईबाहेरच्या माणसाला समजावून सांगणे मोठे कठीण. माझे एक पुणेकर स्नेही एकदा आमच्याकडे जेवायला होते. पानातली भाजी बोटाने उलटीसुलटी करून ते म्हणाले, "ही मेथी म्हणता? मग अशी तान्ही असतानाच का उपटली बिचारीला?" आणि पुढल्याच घासाला त्यांच्या दाढेखाली कच्चकन आवाज झाला. सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी आमटीच्या वाटीकडे पाहिले. पाच पाण्यांतून काढली तरी या भाजीत वाळूचा एखादा कण राहतोच, आणि तो नेमका पाहुण्याच्याच वाट्याला जातो, असा आमच्या घरचा अनुभव आहे.

ही मेथी समुद्रात होत नाही. समुद्राकाठच्या वाळूत होते. दोनतीन बोटे उंच झाली, की मुळासकट उपटायची आणि मूठमूठ बांधायची. वर चिमुकली गोलसर पाने, खाली पांढरे लुसलुशीत देठ आणि त्याखाली बाळाच्या जावळासारखा मुळांचा गुंता. लसूण आणि हिरवी मिरची यांच्या फोडणीवर परतली, की पाच जुड्यांची भाजी वाटीभरसुद्धा भरत नाही. पण ती वाटी ज्याने चाखली, तो मोठ्या पानांच्या मेथीकडे पुन्हा त्या प्रेमाने पाहत नाही.

आमच्या पार्ल्यात ती येते वसईकडच्या बायांच्या पाटीतून. स्टेशनाबाहेरच्या आमच्या मावशींकडून मी गेली अठरा वर्षे भाजी घेतो. मावशींची पाटी हेच आमच्या घरचे पंचांग. शिराळी, पडवळ, काकड्या आणि अळू दिसू लागले की पावसाळा. मुळा आणि माठ आला की दिवाळी जवळ आली. वालपापडी आणि वांगी आली की थंडी पडली. मुंबईत थंडी पडल्याचा दुसरा पुरावा तरी कुठे मिळतो! भर पावसात वाफे वाहून जातात, म्हणून तेवढे महिने मेथी नाही. अलीकडे पाटीच्या काठाला मावशींच्या सुनेने पैसे घेण्याचा तो काळापांढरा चौकोन चिकटवून दिला आहे. पण मावशींचा विश्वास अजून कमरेच्या बटव्यावरच.

घासाघीस करणे हे आमच्याकडे सौ.चे खाते. दहाला दोन जुड्या असा भाव असला, तर वीसला पाच घेतल्याशिवाय ती उठायची नाही. मी जरा दूर, वर्तमानपत्रवाल्याजवळ उभा राहून हा सामना संपण्याची वाट पाहत असे.

गेल्या जानेवारीत एके दिवशी मावशींनी मलाच हाक मारली. पाटीखालच्या गोणपाटातून प्लास्टिकची एक पिशवी काढली आणि तिच्यातून कागदांची चळत.

"मास्तर, तुम्ही कॉलेजात मराठीच शिकवता ना? मग हे वाचून सांगा. घरात कुणाला लागत नाही. पोरगा शिकलेला आहे, पण इंग्रजीत."

वसईच्या त्यांच्या वाडीवर इमारत बांधू पाहणाऱ्या कुणा गृहस्थाने दिलेला तो करारनाम्याचा मसुदा होता. पाने अकरा. मी मोठ्या आत्मविश्वासाने सुरुवात केली. 'लिहून देणार', 'लिहून घेणार', 'सदरहू मिळकत', 'कुलमुखत्यारपत्र' असे करीत दुसऱ्या पानावर आलो आणि अडखळलो. वर्गात मी ज्ञानेश्वरी शिकवतो. ओवीचा अन्वय लावून देतो. इथे अर्ध्या पानाच्या एका वाक्याचे क्रियापदच सापडेना.

"उभ्याउभ्या नको," मावशी माझी अवस्था ओळखून म्हणाल्या. "शनिवारी घरी या. वहिनींना पण आणा. जागाही बघाल."

वसई म्हटले की आपल्याला चिमाजीअप्पा आठवतात, १७३९ साल आठवते आणि किल्ल्याच्या पडक्या भिंती आठवतात. दोन वेळा मीही विद्यार्थ्यांची सहल घेऊन किल्ला पाहून आलो होतो आणि वसई पाहिली असे समजत होतो. पण मुंबईकराचे वसईशी खरे नाते किल्ल्याचे नाही, पाटीचे आहे. १८६७ साली विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली. तेव्हापासून या किनाऱ्यावरची केळी, विड्याची पाने, फुले आणि भाजी रुळांवरून शहरात येत आली आहे. मुंबई जेवली त्यात वसईच्या विहिरींचे पाणी किती, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

वसई रोड स्टेशनावर उतरलो, तेव्हा मात्र वाडी कुठे असेल याची कल्पनाही करवेना. जिकडे पाहावे तिकडे इमारती. २००९ साली इथे महानगरपालिका झाली. त्या वेळी पश्चिमेकडच्या गावांनी 'आम्हांला तीत घेऊ नका' म्हणून केलेले आंदोलन वर्तमानपत्रांत वाचल्याचे आठवत होते. बसने गिरीज मागे टाकले आणि एकदम सावली आली. नारळ, केळी, मधूनमधून कौलारू घरे, कुठे अंगणातला क्रूस, कुठे तुळशीवृंदावन. सौ.ने खिडकीतून खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "आपल्या गावासारखा वास येतोय." तिचे गाव राजापूरकडचे, तेव्हा ही मोठीच पावती समजायची.

मावशींचे घर ख्रिस्ती. ओटीवर सासूबाई बसल्या होत्या, नव्वदीच्या घरातल्या. अंगावर जुन्या पद्धतीचे लाल लुगडे. घरातली माणसे आपसांत सामवेदी बोलत होती. कादोडीही म्हणतात तिला. ती मराठीचीच बोली, पण मला दहा शब्दांतले चार कळत. आम्ही आत येताच सगळ्यांनी आमच्यासाठी पुस्तकी मराठी काढली, जणू पाहुण्यांसाठी कपाटातल्या कपबश्या काढाव्यात! चहाबरोबर सुकेळी आली. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली, वाळक्या पानात बांधलेली, मधासारखी तपकिरी. सौ.ने दोन खाल्ली आणि तिसऱ्याकडे पाहत राहिली.

मग काकांनी, म्हणजे मावशींच्या यजमानांनी, आम्हांला जागा दाखवली. सगळी मिळून अठरा गुंठे. रस्त्याकडची सात गुंठे पडीक; मध्ये केळी, दुधीचा मांडव आणि वालाचे वेल; आणि सुरूंच्या बाजूला वाळूचे वाफे. विहिरीजवळ एक उथळ तळे होते. काका म्हणाले, "हे बावखल. पावसाचे पाणी यात साठते, जमिनीत मुरते, म्हणून आमची विहीर गोडी राहिली. पूर्वी प्रत्येक वाडीत असायचे. लोकांनी बुजवले. बावखल बुजले, वर उपसा वाढला, की विहीर मचूळ होते. आणि मेथीला मचूळ पाणी चालत नाही."

एकेकाळी विहिरीवर रहाट होता. आता पंप आहे. पण वाफ्यांवर पाणी मात्र झारीनेच शिंपतात, कारण धार पडली तर वाळू उकरते आणि बी उघडे पडते. भिजवलेले बी वाळूवर दाट फेकायचे, वर बोटाच्या पेराएवढा वाळूचा थर, सकाळ-संध्याकाळ पाणी आणि दहाबारा दिवसांत उपटणी. हे सारे ऐकायला सोपे वाटते. संध्याकाळी आम्हीही उपटायला बसलो. मुळे तुटू न देता, देठ मुरगळू न देता मूठभर रोपे उचलायची, पाण्यात खळबळायची आणि केळीच्या सोपटाने बांधायची. तासाभरात माझ्या जुड्या झाल्या अकरा. त्यांतल्या चार मावशींनी गुपचूप सोडून पुन्हा बांधल्या. सौ.च्या सव्वीस झाल्या. मावशींच्या किती झाल्या ते मोजण्याची माझी हिंमत झाली नाही. त्या बोलत होत्या आणि हात आपोआप चालले होते.

"वहिनी, एका जुडीला किती वेळ लागला?" त्यांनी सहज विचारले.

"दोन मिनिटे तरी," सौ. म्हणाली आणि पुढे बराच वेळ काही बोलली नाही.

रात्री जेवणे झाल्यावर ओटीवर कागद निघाले. काका, मावशी, मुलगा, सून आणि धाकटे दीर. सातबारावर दोघा भावांची नावे. धाकट्यांचे म्हणणे सरळ होते: "पोरीच्या शिक्षणाला पैसा हवा. मेथी विकून तो होणार आहे का? आणि आपण देतोय ती रस्त्याकडची पडीकच ना!" त्यांचे चुकले असे मला म्हणवेना. सूनबाई एका शाळेत शिकवतात. पहाटे पाटी घेऊन निघणे त्यांना जमायचे नाही आणि ते कुणी त्यांना सांगतही नव्हते. मावशींचे वय चौसष्ट.

मी वाचू लागलो. सावकाश, एकेक वाक्य फोडून. आठव्या पानावर मिळकतीचे वर्णन आले. गट क्रमांक, मग चतुःसीमा, आणि मग एक लांबलचक समास: 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपांसह'. जुन्या दस्तांतला हा ठरीव शब्दसमूह. खरे सांगायचे तर मला तो ऐकायला फार आवडतो. मी रंगात येऊन सांगू लागलो, "पाहा, तरू म्हणजे झाडे, तृण म्हणजे गवत, निधिनिक्षेप म्हणजे पुरलेले धन..."

"आणि जल?" मावशींनी विचारले.

"जल म्हणजे पाणी."

"म्हणजे आमची विहीर?"

मी चतुःसीमा पुन्हा वाचल्या. पूर्वेला रस्ता. पश्चिमेला सुरूंची सरकारी जमीन. सात गुंठ्यांचा तिथे उल्लेखच नव्हता. गट सबंध होता. विहीर त्यात, बावखल त्यात, वाळूचे वाफेही त्यात.

कुणी काही बोलले नाही. सासूबाईंना ऐकू कमी येते. त्यांनी सामवेदीत काहीतरी विचारले. काकांनी त्यांच्या कानाशी वाकून दोनतीन शब्द सांगितले. म्हातारीने धाकट्या मुलाकडे पाहिले आणि माळ हातात घेऊन ती आत गेली. धाकटे म्हणाले, "मला तर त्यांनी पुढचीच जागा सांगितली होती." ते खोटे बोलत नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

"मी कायद्याचा माणूस नाही," मी म्हटले. "वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका." माझ्या एका वकील मित्राचा पत्ता लिहून दिला. त्याहून अधिक माझ्या हाती काही नव्हते.

पहाटे मावशी निघाल्या, त्यांच्याबरोबर आम्हीही. रिक्षात पाट्या आणि आम्ही. मालडब्यात शिरलो तेव्हा तिथे एक अख्खा बाजार बसला होता: भाजी, फुले, केळीची पाने, मासळीच्या टोपल्या. कुणी पापडी निवडत होते, कुणी अबोलीचे वळेसर मोजत होते, कुणी पाटीला टेकून झोपले होते. नायगाव गेले आणि गाडी खाडीच्या पुलावर आली. अंधारात पाणी दिसत नव्हते. फक्त रुळांचा आवाज बदलला. मावशी तोंडातल्या तोंडात काही पुटपुटल्या आणि त्यांनी कपाळावर, छातीवर क्रूस केला. कालच्या कागदाबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत.

पार्ल्याला उजाडता उजाडता पाटी मांडली. सौ. मावशींशेजारी गोणपाटावर बसली. आमच्याच कॉलनीतल्या एक बाई आल्या. त्यांनी तिला ओळखले नाही. भाजीजवळ बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे आपण कुठे पाहतो! जुडी उचलून हलवून त्या म्हणाल्या, "वाळूच किती आहे यात! वीसला सहा द्या."

"अजून भवानी झाली नाही ताई, चार घ्या," मावशी म्हणाल्या.

"परवा तर पाच दिलेत!"

सौ.चे कान लाल झालेले मला वर्तमानपत्रवाल्याजवळूनही दिसले. मावशींनी मात्र हसून पाचवी जुडी टाकली, आलेली नोट कपाळाला लावली आणि बटव्यात ठेवली. नवाच्या आत पाटी रिकामी झाली. मोजायला मी बसलो होतो: बी, खत, विजेचे बिल, रिक्षा आणि पास वजा जाता हाताशी राहिलेली रक्कम इथे लिहीत नाही, मावशींना ते आवडणार नाही.

पुढे वकील मित्राने कागद पाहिला. सातच गुंठ्यांचा नवा मसुदा करून द्या, असा निरोप त्या गृहस्थांना गेला. त्यांचे उत्तर आले की घ्यायची तर सगळी जागा, नाहीतर काहीच नको. आणि भाव वाढवून देऊ. धाकट्या दिरांनी अजून हो म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. त्यांची मुलगी यंदा बारावीला आहे. म्हाताऱ्या सासूबाई पावसाळ्यात गेल्या.

पाऊस उघडल्यावर मावशींच्या पाटीत मेथी पुन्हा दिसली. मी कागदाचे विचारले, तर म्हणाल्या, "आहे ट्रंकेत." सौ.ने दहाला दोन या भावाने सहा जुड्या घेतल्या आणि सुटे पैसे मोजून दिले. सवय जात नाही म्हणून मावशींनी आपणहून वर एक टाकली. घरी भाजी पाच पाण्यांतून धुतली, सहाव्यातूनही काढली. तरी जेवताना पहिल्याच घासाला माझ्या दाढेखाली वाळू आली.