गवाही

आठवीच्या नागरिकशास्त्रात न्यायव्यवस्थेचा धडा आहे. दिवाणी कायदा, फौजदारी कायदा, जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय. फळ्यावर उतरंड काढून दिली की मुले वहीत उतरवून घेतात आणि धडा संपतो. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने विचारले, "मॅडम, तुम्ही कधी कोर्टात गेलाय का?" मी "हो" म्हणाले आणि लगेच पुढच्या पानाकडे वळले.

त्या "हो"च्या मागे काय आहे, ते सांगण्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या एका खटल्याविषयी बोलायला हवे. जामखेड तालुक्यातले खर्डा गाव. इतिहास शिकवताना आम्ही १७९५ ची मराठे-निजाम लढाई म्हणून त्याचे नाव घेतो. २८ एप्रिल २०१४ पासून ते नाव दुसऱ्याच कारणाने घेतले जाऊ लागले. नितीन आगे हा सतरा वर्षांचा दलित विद्यार्थी. आईवडील मजुरी करणारे. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या रागातून त्याला शाळेतूनच मारत नेले आणि मारून झाडाला लटकवले, असा पोलिसांचा आरोप होता. अटका झाल्या. खुनाचे आणि ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम लागले, दोषारोपपत्र गेले, नगरच्या सत्र न्यायालयात खटला उभा राहिला.

साडेतीन वर्षांनी, २३ नोव्हेंबर २०१७ ला, नऊही आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार एकामागोमाग एक फितूर झाले होते, आणि त्यांत शाळेतले शिक्षकही होते. त्याच महिन्यात, त्याच नगरच्या न्यायालयात कोपर्डीच्या खटल्याचाही निकाल लागला. १८ तारखेला तिन्ही आरोपी दोषी ठरले आणि २९ ला फाशीची शिक्षा झाली. या दोन तारखांच्या मध्ये खर्ड्याचा निकाल आला. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी पेपर हातोहात फिरला. मीच मोठ्याने म्हणाले होते, "शिक्षक असून असे कसे बोलले असतील? यांना झोप कशी लागते?" माझे हे शब्द मला नीट आठवतात.

फितूर होणे म्हणजे काय, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. पोलीस तपासात आपला जबाब लिहून घेतात, पण त्यावर आपली सही नसते. कायद्यानेच ती घेत नाहीत. कोर्टात पिंजऱ्यात उभे राहून आपण जे शपथेवर बोलतो, तोच पुरावा. तिथे "मी असे सांगितले नव्हते, पोलिसांनी मनाने लिहिले" एवढे म्हटले की तो कागद जवळजवळ संपला. मग सरकारी वकील आपल्याच साक्षीदाराला फितूर ठरवण्याची परवानगी मागतो आणि त्याचाच उलटतपास घेतो. तपासातच मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर जबाब नोंदवला असेल तर शब्द फिरवणे अवघड जाते, पण प्रत्येक खटल्यात तो नोंदवतात असे नाही.

आता माझे. २०१९ च्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर नववीतल्या एका मुलाला दोघांनी मारले. मुलगा ऊसतोड कामगाराचा. मारणारे आमच्याच मोहल्ल्यातले, आमच्याच नात्यागोत्यातल्या घरचे. गाडीचा धक्का लागल्यावरून भांडण झाले होते. मी वर्गाच्या खिडकीत उभी होते. लोखंडी गज कुणाच्या हातात होता, तो कसा उगारला, सगळे मी पाहिले. मुलाचा हात मोडला.

पोलीस आले, मी जबाब दिला. दोघांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर उभे केले, दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली, गज जप्त झाला, मग न्यायालयीन कोठडी आणि पंधरवड्यात जामीन. दोन महिन्यांत दोषारोपपत्रही गेले. इथपर्यंत सगळे इतके भराभर झाले की मला वाटले, वर्षभरात निकाल लागेल.

समन्स आले २०२२ मध्ये. मधे कोरोना होता, तारखा नुसत्या पुढे सरकत होत्या. बेलिफ शाळेतच आला, त्यामुळे संध्याकाळपर्यंत मोहल्ल्याला खबर. कुणी धमकी दिली नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. आरोपीची आई शीरखुर्मा घेऊन आली होती, तेही ईदच्या दिवशी, म्हणजे नेहमीसारखीच. फक्त जाताना म्हणाली, "आपा, बच्चे की शादी ठैरी है." माझे शौहर म्हणाले, "तू खरे बोल, पण उगाच पुढे पुढे करू नकोस." या वाक्याचा अर्थ मी आजवर लावते आहे. अब्बा त्या वेळी हयात होते. त्यांनी एवढेच विचारले, "सूरह निसा पढी ना तू?" आपल्या माणसांविरुद्ध जात असली तरी खरी गवाही द्या, असा हुकूम त्या सूरहमध्ये आहे. दरवर्षी रमजानमध्ये मी ती पढते.

पहिल्या दोन तारखा फुकट गेल्या. एकदा आरोपींचे वकील आले नाहीत, एकदा साहेब रजेवर. व्हरांड्यात तोच मुलगा आईबरोबर बसलेला. आता उंच झालेला, मिसरूड फुटलेली. कारखान्याच्या तळावरून एक दिवसाची मजुरी बुडवून ते यायचे. त्याने उठून मला सलाम केला आणि बाकावर जागा दिली.

तिसऱ्या तारखेला पुकारा झाला. शपथ घेतली. भांडण पाहिले, दोघांना ओळखते, मुलाला मारहाण झाली, सगळे सांगितले. मग सरकारी वकिलांनी विचारले, गज कुणाच्या हातात होता? आरोपी समोर उभे होते. त्यातल्या धाकट्याला मीच चौथीपर्यंत शिकवणी घेऊन उर्दू लिहायला शिकवले होते.

मी म्हणाले, "गर्दी होती. नीट आठवत नाही."

टंकलेखकाने ते टाइप केले. सरकारी वकिलांनी एकदा माझ्याकडे पाहिले. बाकी साक्ष त्यांच्या बाजूची होती, म्हणून असेल किंवा फाइलींचा ढीग होता म्हणून, त्यांनी मला फितूर ठरवले नाही. मुलाला मागून मार बसला होता, त्यामुळे गज कुणी मारला हे त्याला सांगता येत नव्हते. जप्तीचे पंच आधीच फिरले होते. राहिले होते ते माझे एक उत्तर. दोघे संशयाचा फायदा मिळून सुटले.

शपथेवर खोटे बोलणे हा गुन्हा आहे, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण "आठवत नाही" हे खोटे ठरवायचे कुणी? साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर केली, म्हणजे माझ्या साक्षीच्या वेळी ती होती. धोका असलेल्या साक्षीदाराला तिचा अर्ज करता येतो. मी काय अर्ज केला असता? शीरखुर्म्यापासून संरक्षण द्या म्हणून?

सोनईच्या तिहेरी हत्याकांडाचा खटला नगरमधून नाशिकला हलवला आणि तिथे जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना शिक्षा झाली. गाव दूर गेले की माणसाचा आवाज मोकळा होत असावा. खर्ड्याच्या शिक्षकांवर काय दडपण होते, ते मी जाणत नाही. पण त्यांच्या झोपेविषयी मी पुन्हा काही बोलले नाही.

अब्बांना मी निकाल सांगितला, माझे उत्तर सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

या वर्षी तोच धडा आला. उतरंड काढून झाल्यावर मी खडू खाली ठेवला आणि वर्गाला हे सगळे सांगितले, नावे वगळून. मुले गप्प होती. मग मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"मॅडम, पण तुम्हाला खरंच आठवत नव्हतं का?"

"आठवत होतं," मी म्हणाले. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली, पण कुणी दप्तर आवरायला घेतले नाही.