थांबलेल्या मीटरचा हिशेब

रस्त्यावरच्या गाडीचे वय किलोमीटरवर कळते. लाँचचे तसे नाही. ओहोटीच्या विरुद्ध जाताना इंजिन तासभर राबते आणि पाणी थोडेच कापले जाते. धक्क्याला लागून प्रवासी भरताना लाँच जागची हलत नाही, पण इंजिन चालूच असते. म्हणून बोटीच्या इंजिनाचे वय तासांत मोजतात. त्यासाठी पॅनलवर एक छोटे मीटर बसवलेले असते. त्याला अवर मीटर म्हणतात. ऑइल केव्हा बदलायचे, फिल्टर केव्हा काढायचा, पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर केव्हा तपासायचा, हे सारे त्या आकड्यावरून ठरते.

आम्ही चौघे लाँचवरची माणसे. एक तांडेल, एक इंजिन ड्रायव्हर आणि दोघे खलाशी. मुंबईच्या गेटवेपासून पलीकडे मांडव्यापर्यंत प्रवासी नेणे-आणणे हे आमचे काम. पावसाळ्यात ही फेरी बंद असते, मग साधारण सप्टेंबरात दर्या निवळला की सुरू होते. गेल्या हंगामाच्या मध्यावर आम्हाला दुसरी लाँच मिळाली. ताबा घेताना ड्रायव्हरने मीटर पाहिले. आकडा होता ४८१२. आठ दिवस फेऱ्या मारल्या, तरी आकडा ४८१२ च!

मालकांना सांगितले. ते म्हणाले, "इंजिन चालतंय ना? मग मीटरशी काय घेणं? हंगाम संपल्यावर बघू."

मालक वाईट माणूस नव्हे. पण त्यांचे लक्ष तिकिटावर आणि आमचे लक्ष इंजिनावर. भरल्या लाँचचे इंजिन मोठ्या जहाजांच्या वाटेत बंद पडले तर काय होईल, हे आम्हाला ठाऊक होते. शे-सव्वाशे माणसे बसलेली असतात. त्यांत लेकरेबाळे असतात.

आमच्या ड्रायव्हरची मुलगी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड पास झालेली आहे. एका संध्याकाळी शेवटची फेरी झाल्यावर बापाने तिला लाँचवर बोलावले. ती मल्टीमीटर घेऊनच आली. आमचे तांडेलमामा आधी जरा कुरकुरले, "घरातले दिवे वेगळे आणि इंजिन वेगळं, बाळ." ती हसून म्हणाली, "मामा, वीज दोन्हीकडे एकच. तुम्ही फक्त टॉर्च धरा." मामांनी टॉर्च धरला. तिने ओढणी कमरेला घट्ट खोचली, कारण फिरत्या पट्ट्याजवळ लोंबते कापड म्हणजे जिवाशी खेळ.

प्रथम तिने इंजिन बंद करून बॅटरीचा मेन स्विच काढला आणि पॅनलच्या मागची बाजू उघडली. खाऱ्या हवेने वायरच्या टोकांवर हिरवा थर चढला होता. पॉलिश पेपरने घासून टोके चकचकीत केली, नट आवळले. निम्म्या वेळा एवढ्यानेच काम होते म्हणाली. इंजिन सुरू केले, पण मीटर गप्पच.

मग तिने इंजिन चालू ठेवून मीटरच्या दोन टर्मिनलवर व्होल्टेज पाहिले. आमची बॅटरी २४ व्होल्टची, पण तिथे शून्य. ती म्हणाली, "काका, इथे वीजच पोचत नाही. मीटरला दोष देऊ नका." तरी खात्री करावी म्हणून इंजिन बंद करून मीटर सोडवले आणि मधे छोटा फ्यूज घालून दोन वायरींनी बॅटरीवर थेट जोडले. शेवटचा लाल आकडा तासाचा दहावा भाग दाखवतो, म्हणजे तो सरकायला सहा मिनिटे लागतात. आम्ही चौघे घड्याळ लावून बसलो. सहा मिनिटे होण्याआधीच आकडा हलला. मीटर जिवंत होते! नव्या मीटरचे पैसे वाचले.

मग वीज अडली कुठे? चावीपासून फ्यूजपर्यंत २४ व्होल्ट. पुढे वायर इंजिनावरच्या एका छोट्या स्विचकडे जाते. तो ऑइल प्रेशर स्विच. इंजिन चालू होऊन ऑइलला दाब आला की तो आतून जुळतो आणि मीटरला वीज जाते. चावी नुसती चालू राहिली तर तास मोजले जाऊ नयेत, म्हणून ही सोय. इंजिन चालू असताना स्विचच्या एका टोकाला वीज होती, दुसऱ्या टोकाला नव्हती.

आमच्यातला एक खलाशी म्हणाला, "दोन्ही वायरी एकत्र पिळून टाकू. झालं काम." मुलीने मान हलवली. एक तर मग चावी विसरली की मीटर रात्रभर खोटे तास मोजणार. दुसरे म्हणजे स्विच जुळत नाही याची कारणे दोन असू शकतात. स्विच बिघडला असेल, किंवा खरोखरच ऑइलला दाब येत नसेल! तसे असेल तर थांबलेले मीटर आपल्याला इशाराच देत होते. पॅनलवरचा काटा दाब दाखवत होता, पण तोही विजेवरचा. त्याच्यावर पूर्ण भरवसा कसा ठेवायचा?

दुसऱ्या दिवशी शेजारच्या लाँचच्या फिटरकडून साधा, विजेशिवाय चालणारा प्रेशर गेज आणला. इंजिन बंद ठेवून स्विच काढला, त्याच्या आट्यांत गेज बसवला आणि इंजिन सुरू केले. दाब कंपनीच्या पुस्तकात दिला होता तेवढाच निघाला. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. नवा स्विच बसवला आणि मीटर चालू लागले.

पण काम इथे संपले नव्हते. मीटर थांबले म्हणून झीज थांबलेली नसते. मधले तास गेले कुठे? आम्ही फेऱ्यांचे रजिस्टर काढले. डब्यातल्या जुन्या नोंदीत ४८१२ हा आकडा पहिल्यांदा ज्या तारखेला लिहिला होता, तिथपासून जाऊन-येऊन ९६ फेऱ्या झाल्या होत्या. धक्क्यावरचा वेळ धरून एका फेरीला अडीच तास. म्हणजे २४० तास. हा आकडा डिझेलवरून ताडून पाहिला. मीटर चालू असतानाच्या नोंदींवरून तासाला सरासरी १४ लिटर लागत होते, आणि मधल्या काळात ३३९० लिटर भरले होते. भागाकार २४२. दोन्ही हिशेब जुळले.

शेवटचे ऑइल ४७०० तासांवर बदललेले. पुस्तकाप्रमाणे ते दर २५० तासांनी बदलायचे. खरे वय झाले होते ५०५२. म्हणजे शंभर तास वर गेले होते. हा कागद घेऊन आम्ही चौघेही मालकांकडे गेलो. शनिवार-रविवारची गर्दी तोंडावर होती, तरी आकडे पाहून ते गप्प झाले. शुक्रवारी अर्धा दिवस लाँच उभी राहिली. ऑइल काढले तेव्हा ते डांबरासारखे काळे आणि जाड झालेले होते. फिल्टरही बदलला.

मीटरचे आकडे पुढे ढकलता येत नाहीत. म्हणून त्याच्या शेजारी रंगाने लिहिले : 'अधिक २४०'. खाली तारीख टाकली. नवे मीटर बसवले असते तर जुन्याचा आकडा असाच लिहावा लागला असता, नाही तर म्हातारे इंजिन कागदावर तान्हे होऊन बसते.

हिशेब करताना आणखी एक गोष्ट आमच्या नजरेला आली. इंजिनाच्या तासांची नोंद सापडली, आमच्या तासांची कुठेच नव्हती. इंजिन बंद झाल्यावरही डेक धुणे, दोर गुंडाळणे, साचलेले पाणी उपसणे चालूच असते. ते कोण मोजतो? त्या दिवसापासून आम्ही दोनशे पानी वही घातली आहे. एका बाजूला इंजिनाचे तास, दुसऱ्या बाजूला आमचे. महिनाअखेर जादा तासांची बोलणी आता वही समोर ठेवून होतात. सगळे पैसे मिळतात असे नाही, पण 'एवढं कुठं काम केलंत?' हा प्रश्न बंद झाला.

आपल्या घरातील कितीतरी मुले आज जनरेटरवर, ट्रॅक्टरवर, जेसीबीवर कामाला आहेत. तिथेही असेच मीटर असते. त्यांनी रोज निघताना त्याच्याकडे एकदा पाहावे. थांबले असेल तर त्याच दिवशी आकडा आणि तारीख लिहून ठेवावी आणि वरच्या माणसाला कळवावे. मीटर दुरुस्त व्हायला दिवस लागोत, नोंद करायला एक पेन्सिल पुरते.